वादळातही सुकाणू न सोडणारे बाबासाहेब



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावर लिहायचे ठरले, तेव्हा त्यांच्या जीवनाची कोणती बाजू घ्यावी हा प्रश्न आम्हाला पडला. बाबासाहेबांची विद्वत्ता, त्यांचा त्याग, राज्यघटना हे सारे आपल्या घराघरात माहीत आहे. चौदा एप्रिलला आपली पोरं त्यावर भाषणं करतात आणि छान करतात. पण त्यांचा एक गुण असा आहे की त्याच्याबद्दल आपण फार कमी बोलतो, आणि गरज मात्र आज त्याचीच जास्त आहे. चहूबाजूंनी दाब आला तरी डोके शांत ठेवणे, हा तो गुण.

आजूबाजूला पाहा. कपाशी हातची जाते, सावकाराचे आणि बँकेचे कर्ज डोक्यावर बसते. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात आपला वर्धा जिल्हाही होता. बारावीचा निकाल लागला की एखादं लेकरू तोंड लपवून बसतं. मिरवणुकीत कुणी काही वावगं बोललं की आपल्या तरुणांचं रक्त उसळतं आणि दुसऱ्या दिवशी आई पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसलेली दिसते. कुणी दारूकडे वळतो, कुणी जिवाचं बरंवाईट करून घेतो. अशा प्रसंगी नुसते शांत राहा म्हणून काय होते ? शांत राहायचे कसे, हे कुणी तरी करून दाखवलेले असावे लागते. बाबासाहेबांनी ते आयुष्यभर करून दाखवले.

नावाड्याचे शास्त्र

आपल्या जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका आहे, पण समुद्र मात्र शेकडो कोस दूर. आपल्याला माहीत आहे ती वर्धा नदी. मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावून, वैनगंगेला मिळून, प्राणहितेच्या आणि गोदावरीच्या वाटेने तिचे पाणीही शेवटी समुद्रालाच जाते. नदीला पूर असताना डोंग्यात बसलेल्या जुन्या माणसांना विचारा. पाणी हलू लागले की भोई पहिले काय ओरडतो ? उठू नका, एका बाजूला जाऊ नका ! डोंगा लाटेने उलटतो त्यापेक्षा घाबरलेल्या माणसांच्या धावपळीने जास्त उलटतो.

समुद्रावरच्या शिडाच्या होडीचे शास्त्र हेच आहे, फक्त मोठे. निघण्याआधी तळाशी दगड-वाळूचे वजन भरतात. कोकणातले खलाशी त्याला नीरम म्हणतात. हे वजन नसेल तर पहिल्याच वाऱ्यात होडी कलंडते. वादळ आले की शीड आखडून लहान करतात. लाट आडवी घेत नाहीत, होडीचे तोंड लाटेकडे ठेवतात. वारा समोरून असेल तर सरळ जाता येत नाही, म्हणून थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे असे नागमोडी जातात. आणि काहीही झाले तरी तांडेल सुकाणू सोडत नाही. वादळाला कुणी हुकूम देऊ शकत नाही. हातात असते ते एवढेच, आणि तेवढे केले तर बहुतेक वेळा किनारा मिळतो.

बाबासाहेब काही खलाशी नव्हते. पण विमानप्रवास सर्रास होण्याआधीचा तो काळ होता. त्यामुळे त्यांच्या आयुष्याची मोठमोठी वळणे आगबोटीवरून गेलेली आहेत. त्या प्रवासांच्या सोबतीने आपण त्यांचे चरित्र पाहू.

तळाशी भरलेले वजन

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमराव जन्मले. आई लहानपणीच गेली. १९०१ साली, नऊ-दहा वर्षांचे असताना, भाऊ आणि भाच्यांसोबत ते वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाले. वडील तेव्हा नोकरीनिमित्त गोरेगावला होते. मसूर स्टेशनवर मुले उतरली. वडिलांना पत्र पोचलेच नव्हते, त्यामुळे घ्यायला कुणी आले नाही. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार. रात्र झाली. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाण्याचा थेंब कुणी दिला नाही. मुले उपाशी झोपली. कोवळ्या वयात एवढ्या अंधारातून गेलेले हे लेकरू पुढे कडवट झाले असते तर नवल नव्हते. रामजींच्या शिस्तीने त्याला पुस्तकांकडे वळवले.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. घरावर दुःखाचा डोंगर आणि पैशाची चणचण. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बाबासाहेब मुंबईहून निघाले आणि जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी दिवसाचे तासन्‌तास वाचन केले. नाटक-सिनेमा नाही, चैन नाही. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके घ्यायची.

आम्हाला वाटते, बाबासाहेबांच्या पुढच्या साऱ्या शांतपणाचे मूळ या वर्षांत आहे. ज्याला आपला विषय मुळापासून ठाऊक आहे, तो आरडाओरडा करत नाही. त्याला त्याची गरजच पडत नाही. होडीच्या तळाशी भरलेले हे वजन होते.

बुडालेल्या पेट्या

१९१६ साली बाबासाहेब लंडनला आले. एकीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास, दुसरीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परत यावे लागले. शिक्षण अर्धवट राहिले. दुसरा एखादा निराश झाला असता. बाबासाहेबांनी निघण्यापूर्वी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली. दार बंद होत असताना त्यांनी कडी आपल्या हाती ठेवली, एवढे आपण लक्षात घ्यावे.

पहिले महायुद्ध सुरू होते. समुद्रात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या. बाबासाहेब आगगाडीने फ्रान्समधल्या मार्सेल्स बंदरावर गेले आणि तिथून कैसर-ए-हिंद या आगबोटीत बसले. सामान दुसऱ्या बोटीने, साल्सेट नावाच्या बोटीने पाठवले होते. २० जुलै १९१७ रोजी इंग्लिश खाडीत साल्सेटवर पाणबुडीने पाणतीर सोडला आणि ती बुडाली. इकडे मुंबईत बोट बुडाल्याची बातमी आली आणि घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकली. रमाईचे त्या दिवसांत काय झाले असेल, याची कल्पना आपल्या आयाबहिणींनी करावी ! पुढे तारा करून चौकशी झाली तेव्हा कळले की बाबासाहेब दुसऱ्या बोटीवर आहेत, सुखरूप आहेत. बुडाल्या त्या त्यांच्या पेट्या.

२१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला उतरले. पेट्यांमध्ये पुस्तके होती, कागद होते, कित्येक वर्षांची मेहनत होती. ज्या माणसाने पोटाला चिमटा घेऊन एकेक पुस्तक जमवले, त्याला काय वाटले असेल ? पण त्यांनी बुडालेले मोजत बसण्यात दिवस घालवले नाहीत. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले. त्यातले काही घरी देऊन उरलेल्या पैशांवर ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. गेलेली पुस्तके त्यांनी पुढच्या आयुष्यात पुन्हा जमवली, कितीतरी पटीने. दादरचे राजगृह त्यांनी पुस्तकांसाठीच बांधले म्हटले तरी चालेल.

डोळ्यांत पाणी, पण तोल शाबूत

बडोद्याला एवढ्या मोठ्या पदवीच्या माणसाला राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे राहिले आणि खोली खाली कर म्हणून धमकावू लागले. बाबासाहेब एकटे होते. अंगावर धावून जाण्यात मरण होते, आणि गयावया करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी मुदत मागून घेतली. दोन ओळखीच्यांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. मग कामाठी बागेत जाऊन ते गाडीच्या वेळेपर्यंत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले.

त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पुढे कित्येक वर्षांनीही ती आठवण निघाली की डोळे भरून यायचे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आम्ही हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे शांत माणूस म्हणजे दगडासारखा माणूस अशी समजूत आहे. पोरगं रडलं की आपण त्याला बायकी म्हणून हिणवतो. बाबासाहेब रडले आणि तरीही त्यांचा तोल गेला नाही. त्या बागेत बसलेल्या माणसाने सूड ठरवला नाही, हाय खाल्ली नाही. मुंबईला येऊन शिकवण्या केल्या, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसे साठवले. १९२० च्या जानेवारीत मूकनायक काढले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज घेऊन पुन्हा लंडनची वाट धरली. चार वर्षांच्या परवानगीत अजून एक वर्ष शिल्लक होते !

लंडनमध्येही वादळ चुकले नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी परत पाठवला. ब्रिटिशांच्या धोरणावरची टीका त्यांना झोंबली होती. पैसे संपलेले, घरी परतणे भाग होते. मुंबईला आल्यावर त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. भाषा आवरली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, असे चरित्रकार सांगतात. त्याच वर्षी त्यांना डी.एस्‌सी. मिळाली. शीड आखडले, दिशा तीच ठेवली. नापास झालेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. जगातल्या एवढ्या मोठ्या विद्वानाचा पेपरही एकदा परत आला होता.

महाडचे दोन प्रसंग

शांतपणाची खरी परीक्षा महाडला झाली, आणि तीही एकाच वर्षात दोनदा.

१९२७ च्या मार्चमध्ये १९ आणि २० तारखेला महाडला परिषद भरली. २० मार्चला हजारो लोक शिस्तीने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. जमाव लाठ्या घेऊन निघाला. मंडपात जेवायला बसलेल्या, घराकडे निघालेल्या आपल्या माणसांना झोडपले. अन्न मातीत मिसळले. अनेक जण जखमी झाले. काहींनी मुसलमान बांधवांच्या घरात आसरा घेतला.

बाबासाहेब सरकारी बंगल्यावर होते. पोलीस अधिकारी आला आणि तुमच्या लोकांना आवरा म्हणाला. बाबासाहेबांनी उत्तर दिले की तुम्ही त्यांना आवरा, माझे लोक माझ्या शब्दात आहेत. ते स्वतः रस्त्यावर गेले. जमावाने वाटेत गाठले तेव्हा मंदिरात जाण्याचा कोणताही विचार नाही हे त्यांनी शांतपणे सांगितले. परत बंगल्यावर आले तर आपलीच माणसे संतापाने थरथरत उभी. त्यांत पहिल्या महायुद्धात लढून आलेले शिपाई होते. लाठीला लाठी त्यांना अवघड नव्हती. बाबासाहेबांच्या एका शब्दाची खोटी होती. तो शब्द त्यांनी दिला नाही. शांत राहा, कायदा हातात घेऊ नका, असेच बजावले. भोयाने डोंग्यातल्या माणसांना जागेवर बसवावे तसे त्यांनी संतापलेल्या माणसांना बसवले. त्या दिवशी ते उठले असते तर महाडात रक्ताचे पाट वाहिले असते आणि दोष आपल्या माथी आला असता. झाले उलटे. खटले चालले आणि हल्लेखोरांना कोर्टाकडून शिक्षा झाली.

दुसरा प्रसंग डिसेंबरातला. या वेळी बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह २४ डिसेंबरला मुंबईहून पद्मावती नावाच्या आगबोटीने निघाले. संध्याकाळी बोट हरिहरेश्वरला आली. इथे सावित्री नदी समुद्राला मिळते. रात्र तिथे काढून दुसऱ्या दिवशी खाडीतून दुपारी ते दासगावला पोचले. बंदरावर हजारो सत्याग्रही वाट पाहत उभे होते. महाड तिथून पाच मैल. आणि बंदरावरच पोलीस अधिकाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याची चिठ्ठी हातात ठेवली.

कारण असे होते की विरोधकांनी १४ डिसेंबरला कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. तळ्यावर जावे तर कोर्टाचा अवमान. न जावे तर एवढ्या दुरून आलेल्या लोकांचा विरस. जेलात जायला तयार होऊन, घरी निरोप सांगून माणसे आली होती. २५ डिसेंबरला परिषद भरली आणि त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. पुढचे दोन दिवस मोठी चर्चा झाली. लोक तळ्यावर जायला उतावीळ होते. बाबासाहेबांनी हिशेब मांडला. एका बाजूला सनातनी आहेतच, आता दुसऱ्या बाजूला सरकारही अंगावर घ्यायचे काय ? दोन्हीकडून लाटा घेणारी होडी टिकत नाही. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करायचा आणि गावातून, तळ्याच्या बाजूने, शांततेने मिरवणूक काढायची, असे ठरले. हजारोंनी ते मानले.

काहींना तेव्हा ही माघार वाटली. वारा समोरून असताना तांडेल होडी वळवतो, तेव्हा नवख्या माणसाला वाटतेच की आपण परत चाललो. बाबासाहेब परत चालले नव्हते. ते कोर्टात लढत राहिले. एक वर्ष नाही, दोन वर्षे नाही, तब्बल दहा वर्षे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याच्या बाजूने, म्हणजे आपल्या बाजूने निकाल दिला.

सारा देश एका बाजूला

पुढे १९३० मध्ये गोलमेज परिषदेसाठी ते व्हाईसरॉय ऑफ इंडिया या बोटीने लंडनला गेले, १९३१ मध्ये पुन्हा गेले. त्यातून १९३२ साली अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, आणि त्याविरुद्ध २० सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केले. सारा देश एका बाजूला आणि बाबासाहेब एका बाजूला. धमक्यांची पत्रे, वर्तमानपत्रांचा मारा. गांधीजींचे काही झाले असते तर खेड्यापाड्यांतल्या आपल्या दुबळ्या वस्त्यांवर काय ओढवले असते, हे त्यांना दिसत होते. अशा वेळी ते टेबलावर बसून एकेक कलम, एकेक जागा मोजत राहिले. २४ सप्टेंबरला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले, प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. या कराराने ते समाधानी नव्हते, पुढे त्यांनी त्यावर कडक टीकाही केली. डोके शांत ठेवून घेतलेला निर्णयही मनाला टोचत राहतो. तरीही घ्यावा लागतो, कारण होडीत बसलेल्या माणसांचे जीव त्याच्यावर असतात.

बाबासाहेब वर्ध्याला येऊन गेले तेव्हा

२७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. ज्या माऊलीने शेणी थापून संसार रेटला, ती हरपली. त्यानंतर पाचच महिन्यांनी, १३ ऑक्टोबरला, येवल्याच्या परिषदेत हिंदू धर्म सोडण्याची घोषणा झाली. देशभर खळबळ उडाली. वेगवेगळ्या धर्मांचे लोक भेटू लागले, कुणी आमिषे दाखवली, कुणी धमक्या दिल्या.

या धामधुमीत, १९३६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, बाबासाहेब आपल्या वर्ध्याला आले आणि सेगावला जाऊन गांधीजींना भेटले. हेच सेगाव पुढे सेवाग्राम झाले. त्यांच्यासोबत शेठ वालचंद हिराचंद होते. सिंदिया कंपनीच्या आगबोटी चालवणारा हा उद्योगपती. भेट झाली, बोलणे झाले, मतभेद जिथल्या तिथे राहिले. ज्यांच्याशी एवढा कडवा वाद, त्यांच्या झोपडीत जाऊन सभ्यपणे बसून बोलायचे आणि आपला विचार जराही न सोडता परत यायचे, हे सोपे आहे काय ? वस्तीतल्या भांडणात वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या आपल्या दोन घरांनी याचा विचार करावा.

घोषणा केली १९३५ ला, दीक्षा घेतली १९५६ ला. मध्ये एकवीस वर्षे गेली. लोक घाई करत होते, टोमणे मारत होते. बाबासाहेब वाचत होते, तपासत होते, एकेक धर्म पारखून घेत होते. लाखो लोकांना जी वाट धरायची, तिथे घाईला जागा नव्हती.

एकट्याच्या हातात सुकाणू

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची नेमणूक झाली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. समितीत सात जण. त्यातल्या एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक परदेशी गेले, कुणी राज्यकारभारात गुंतले, कुणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर राहिले. टी. टी. कृष्णमाचारी यांनी हे घटना समितीत उघडपणे सांगितले, आणि शेवटी सारा भार एकट्या डॉ. आंबेडकरांवर पडला हेही सांगितले. मधुमेहाने शरीर पोखरलेले, पाय दुखतात, झोप नाही. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रत्येकीला उत्तर द्यायचे. कुणी अभ्यासाने बोलायचा, कुणी चिडवायला बोलायचा. बाबासाहेब उठायचे, मुद्दा समजावून सांगायचे, पटले तर मान्य करायचे, नाही तर कारण देऊन नाकारायचे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत झाली.

शांतपणाला मर्यादा असते काय ? असते. हिंदू कोड बिलाची हेळसांड झाली तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. स्त्रियांच्या हक्काच्या त्या बिलासाठी त्यांनी खुर्चीची पर्वा केली नाही. थंड डोक्याचा माणूस योग्य वेळी उठूनही जातो.

किनारा

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूर. आपल्या जिल्ह्यातून माणसे रेल्वेने, बैलगाडीने, पायी गेली. भाकरी बांधून, लेकरं खांद्यावर घेऊन गेली. आपल्या वस्तीतल्या जुन्या घरांत त्या पांढऱ्या कपड्यांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. लाखोंच्या त्या सागरात थकलेले, आजारी बाबासाहेब उभे राहिले आणि त्यांनी तथागताचा धम्म आपल्याला दिला. तथागतांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे. तराफा पैलतीरी जाण्यासाठी असतो, डोक्यावर मिरवण्यासाठी नव्हे. आपण विहारात बसून चित्त स्थिर करण्याचा सराव करतो तो यासाठीच. वादळ आल्यावर नीरम भरता येत नाही, ते आधीच भरलेले असावे लागते.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. विमानाने त्यांना मुंबईला आणले आणि ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाला. तीच आजची चैत्यभूमी.

या चरित्रातून आपल्या घरी न्यायच्या गोष्टी आम्ही थोडक्यात सांगतो. मुलांना अभ्यासाचे वजन आतापासून भरू द्या, मोबाईल आणि मिरवणूक नंतर. नुकसान झाले की आधी उरले काय ते मोजा, गेले ते नंतर. रडू आले तर रडा, पण मोठा निर्णय त्या रात्री घेऊ नका. कुणी डिवचले तर बाबासाहेबांनी महाडच्या बंगल्यावर काय सांगितले ते आठवा, आणि वकिलाकडे जा, लाठीकडे नको. कर्जाने जीव घाबरा झाला तर एकट्याने सोसू नका. विहारात या, चार माणसांत बोला. डोंग्यात आपण सगळेच आहोत. आणि शांत राहणे म्हणजे अन्याय सोसणे असा अर्थ कुणी काढू नये. चवदार तळ्यासाठी दहा वर्षे लढणाऱ्याने अन्याय सोसला असे कोण म्हणेल ?

दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वर्धा स्टेशनवरून आपली माणसे निळे झेंडे घेऊन दादरला निघतात. कित्येकांनी आयुष्यातला पहिला समुद्र तिथेच पाहिला आहे. यंदा जाल तेव्हा चैत्यभूमीला वंदन झाल्यावर घटकाभर किनाऱ्यावर उभे राहा. सोबतच्या लेकरांना ती पाणबुडी, त्या बुडालेल्या पेट्या आणि दासगावच्या बंदरावर उतरलेले बाबासाहेब यांची गोष्ट सांगा. त्यांना ती कळेल.

जयभीम ! नमो बुद्धाय !